डेपोने नाकारलेल्या वस्तू : मल्लेश्वरममधून एक आढावा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये जुने घर पाडायला काढले की दाराशी वेगवेगळे गिऱ्हाईक येते. सागवानी दारे-खिडक्या नेणारा येतो, मंगळुरी कौले नेणारा येतो, लोखंडी गज, तांब्याच्या तारा आणि पितळी नळ वजनावर घेणारा गुजरीवाला येतो. हे सगळे घरमालकाला पैसे देतात. मग विटा, चुना, माती उचलणारा ट्रॅक्टरवाला येतो. तो पैसे घेतो. आणि शेवटी अंगणात अशा काही वस्तू उरतात की त्यांना कोणीच हात लावत नाही : जुन्या ट्यूबलाइट, वाळलेले रंगाचे डबे, सिमेंटचे पत्रे, कापसाच्या आणि फोमच्या गाद्या, जिप्समच्या छताचे तुकडे, कपाटात सापडलेली मुदत संपलेली औषधे.

यातली जवळजवळ कुठलीच वस्तू आजच्या नियमांनुसार कचरा डेपोत, म्हणजे भरावभूमीत, जशीच्या तशी टाकता येत नाही. मग ती जावी कुठे? हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे न्यायालये, महापालिका, नागरिकांचे गट, कचरावेचकांच्या संघटना आणि उद्योग वेगवेगळ्या बाजूंनी सोडवू पाहत आहेत. त्या प्रयत्नांचा हिशेब इथे मांडायचा आहे.

मल्लेश्वरमच का

मराठी वाचकाला मल्लेश्वरम अगदीच परके नाही. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी यांचे नाव इथल्या काडू मल्लेश्वर देवळाशी आणि १६६९च्या दानलेखाशी जोडलेले आहे. आजची वस्ती मात्र बरीच नंतरची. १८९८च्या प्लेगनंतर दाट पेठेतल्या लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या दोन वसाहती वाढवल्या गेल्या. आडवे ‘क्रॉस’, उभे ‘मेन’, आणि घरांच्या पाठीमागून मैला वाहून नेण्यासाठी ठेवलेल्या अरुंद सफाई-गल्ल्या अशी तिची आखणी आहे. आरोग्यासाठी, म्हणजे घाण घरापासून दूर नेण्याची सोय धरूनच, ही वसाहत आखली गेली.

आता त्याच भूखंडांवर बंगले पाडून मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. संपिगे रोड आणि आठव्या क्रॉसच्या बाजारपेठेतली दुकाने वरचेवर आतून नवी होतात. सफाई-गल्ल्यांचा मूळ उपयोग संपला, तेव्हा त्यांपैकी काहींत राडारोडा आणि जुने सामान येऊन पडू लागले. घरातला नकोसा माल आणि बांधकामाचा माल इथे एकाच घरातून, एकाच आठवड्यात निघतो. म्हणून हे दोन प्रश्न एकत्र पाहायला ही जागा सोयीची आहे.

पार्श्वभूमी : गावांनी दार लावले तेव्हा

भारतात भरावभूमीवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा उगम बेंगळुरूशी निगडित आहे. इथे राहणाऱ्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीतून एक समिती नेमली गेली आणि पुढे नागरी घनकचऱ्याचे २०००चे नियम आले. ज्याचे खत होत नाही, पुनर्वापर होत नाही, जो कुजत नाही असा निष्क्रिय कचराच भरावभूमीत जावा, हे तत्त्व या नियमांत आले. म्हणजे कागदावरची बंदी पाव शतकाची आहे.

प्रत्यक्षात शहराचा मिश्र कचरा उत्तरेकडे मावळ्ळीपुऱ्याला आणि पूर्वेकडे मंडूरला जात राहिला. पाणी बिघडले, दुर्गंधी आणि माश्या वाढल्या, आणि गावकरी रस्त्यावर उतरले. २०१२मध्ये मावळ्ळीपुरा बंद झाला. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि ‘उद्याननगरी’ या बिरुदाची देशभर थट्टा झाली. मंडूरच्या लोकांनी लढा चालू ठेवला. तिथे कचरा टाकणे १ डिसेंबर २०१४पासून थांबले. पुढची सोय म्हणून शहराच्या कडेच्या जुन्या दगडखाणी वापरात आल्या, आणि तिथेही त्याच तक्रारी सुरू झाल्या.

या संकटातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, ऑक्टोबर २०१२पासून घरातच कचरा वेगळा करण्याची सक्ती. दुसरी, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रत्येक प्रभागात सुका कचरा संकलन केंद्र उभारण्याचा कार्यक्रम. डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयाने ‘दोन बादल्या, एक पिशवी’ ही पद्धत बंधनकारक केली : ओल्यासाठी हिरवी बादली, नाकारलेल्या आणि सॅनिटरी कचऱ्यासाठी लाल बादली, सुक्यासाठी पिशवी. सॉलिड वेस्ट मॅनेजमेंट राउंड टेबल या नागरिक-गटाने ही पद्धत लोकांपर्यंत नेली. मल्लेश्वरमसारख्या जुन्या, शिकलेल्या वस्तीत ती तुलनेने लवकर रुळली.

पण ही व्यवस्था रोजच्या कचऱ्यासाठी घडवलेली आहे. पाच वर्षांतून एकदा निघणारी गादी, दहा वर्षांतून एकदा निघणारा फ्रिज किंवा पिढीतून एकदा पाडले जाणारे घर हे तिच्या हिशेबात नव्हते.

कायदा नेमके काय म्हणतो

‘डेपोत बंदी’ असा एकच कायदा भारतात नाही. ती बंदी निरनिराळ्या नियमांत विखुरलेली आहे.

घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी भरावभूमीची व्याख्या आणखी आवळली. ज्याचा उपयोग नाही, पुनर्वापर नाही, जो कुजत नाही, जळत नाही आणि रासायनिक क्रिया करत नाही, असाच माल तिथे जावा. किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला कचरा पुरता येणार नाही. त्याचा इंधन म्हणून उपयोग करावा लागेल. फोमची गादी, थर्मोकोल, रेक्झिन लावलेला सोफा हे सगळे या कलमात येतात. याच नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हा वर्ग आखला : रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या सुया. त्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किमान एक जमा-केंद्र असावे, असेही त्यात म्हटले आहे. डिसेंबर २०२४मध्ये केंद्राने मांडलेल्या मसुद्यात घरातल्या कचऱ्याचे चार भाग सुचवले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

बॅटऱ्यांच्या बाबतीत २०२२चे नियम अगदी थेट आहेत : वापरलेली बॅटरी पुरायची नाही आणि जाळायचीही नाही. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम २०११, २०१६ आणि २०२२ असे तीनदा आले. शेवटच्या आवृत्तीत शंभराहून अधिक प्रकारची उपकरणे आहेत आणि ती एप्रिल २०२३पासून लागू झाली. टायर आणि वापरलेले तेल यांनाही अलीकडच्या वर्षांत उत्पादकाच्या जबाबदारीखाली आणले आहे.

बांधकामाचा राडारोडा हा वेगळा विषय. त्याचे स्वतंत्र नियम २९ मार्च २०१६ला आले. वीट-काँक्रीट हा मुळात निष्क्रिय माल. भरावभूमीत रोजच्या कचऱ्यावर पसरायला तो वापरताही येतो. त्यामुळे त्याच्यावर सरसकट बंदी नाही. रस्त्यावर, नाल्यात, तळ्यात टाकायला मनाई आहे आणि वेगळा करून प्रक्रियेला देण्याची जबाबदारी ज्याच्याकडून तो निघतो त्याच्यावर आहे. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग करून आधी आराखडा मंजूर करून घ्यावा, असे २०१६च्या नियमांनी ठरवले. एप्रिल २०२५मध्ये अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२६पासून लागू केलेले नवे नियम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराचे लक्ष्य घालतात.

नियम एकत्र वाचले की एक गोष्ट लक्षात येते. ‘काय पुरायचे नाही’ हे सगळ्यांसाठी सांगितले आहे. ‘कुठे द्यायचे’ याची बांधीव साखळी मात्र मोठ्यांसाठी आहे.

घरातल्या वस्तू : भाव असलेल्या आणि नसलेल्या

प्रत्यक्षात कुठली वस्तू योग्य ठिकाणी पोहोचते हे कायद्यापेक्षा तिच्या भावावर ठरते. घरगुती वस्तू या दृष्टीने तीन गटांत पडतात.

पहिला गट भाव असलेल्यांचा. इन्व्हर्टरची आणि गाडीची शिसे-आम्ल बॅटरी नवीन घेताना जुनी परत दिली की किंमत कमी होते, म्हणून ती डेपोत सहसा दिसत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंखे, तांब्याची वायर हेही गुजरीत खपतात. अडचण पुढे आहे. अनौपचारिक साखळीत शिसे उघड्यावर वितळवले जाते, वायरींचे आवरण जाळून तांबे काढले जाते, फ्रिजमधला वायू हवेत सोडला जातो. वस्तू डेपोतून वाचते, पण तिच्यातले विष वाचत नाही.

दुसरा गट थोडा भाव आणि जास्त त्रास असलेल्यांचा. जुने टीव्ही, प्रिंटर, मोबाइल, चार्जर. बेंगळुरूची बाजू इथे बळकट आहे. देशातल्या पहिल्या अधिकृत इलेक्ट्रॉनिक कचरा पुनर्चक्रण उद्योगांपैकी एक असलेला ई-परिसरा शहराबाहेर डाबसपेटला आहे, आणि २००१पासून काम करणाऱ्या ‘साहस’सारख्या संस्थांनी संकलनाचे प्रयोग केले आहेत. तरीही दोन चार्जर आणि एक बंद फोन घेऊन कोणी मुद्दाम कुठे जात नाही. ते खणात पडून राहतात. २०२२च्या नियमांत आणखी एक बदल झाला. २०१६मध्ये संकलन केंद्र आणि विक्रेता यांच्यावर स्वतंत्र जबाबदाऱ्या होत्या. आता नोंदणी उत्पादन करणारे, बाजारात आणणारे, दुरुस्त करणारे आणि पुनर्चक्रण करणारे या चौघांची. घराच्या सर्वांत जवळची कडी कायद्याच्या चौकटीतून पुसट झाली.

तिसरा गट भाव नसलेल्यांचा, आणि खरा प्रश्न इथे आहे. एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. त्यातून काढण्याजोगे मूल्य नगण्य, आणि फुटला तर धोका कचरा उचलणाऱ्याला. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासूनच लागू झाली, म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारा-ग्रिलांच्या खरवडीबद्दल सावध राहिलेले बरे. औषधांच्या बाबतीत केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५मध्ये काही मोजकी तीव्र औषधे शौचालयात किंवा मोरीत वाहून टाकण्याचा आणि बाकीची जमा करण्याचा सल्ला दिला. केरळने औषधे परत घेण्याचा उपक्रम सुरू केला. पण औषधाच्या प्रत्येक दुकानात जमा-पेटी ठेवण्याची देशव्यापी पद्धत अजून नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यायची सवय बेंगळुरूत बऱ्यापैकी लागली आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली तीही याच हेतूने : उघडून पाहावे लागू नये.

गाद्या आणि सोफे हे आकाराने मोठे, वजनाने हलके. रोज कचरा नेणाऱ्या ऑटो-टिपरमध्ये ते मावत नाहीत. फोम जाळून उष्णता मिळवायची तर सिमेंटच्या भट्ट्या हव्यात, आणि कर्नाटकातले मोठे सिमेंट कारखाने कलबुर्गीच्या बाजूला, शेकडो किलोमीटरवर आहेत. फोमची वाहतूक म्हणजे बरीचशी हवेची वाहतूक. म्हणून जुनी गादी रिकाम्या भूखंडावर किंवा राजकालुवेत, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या मोठ्या नाल्यात, पोहोचते.

राडारोडा : मोजमापातून निसटणारा

राडारोड्याचे देशपातळीवरचे अंदाज वर्षाला १५ कोटी टनांच्या आसपास दिले जातात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२०मध्ये त्यातला जेमतेम १ टक्का अधिकृतपणे प्रक्रियेत येतो असे मांडले. दोन्ही आकडे अंदाज आहेत. मोजणीची पक्की व्यवस्था नसणे हाच या क्षेत्राचा पहिला दोष मानला जातो.

मल्लेश्वरमच्या प्रमाणात हिशेब करून पाहू. टायफॅक या सरकारी संस्थेच्या जुन्या निकषानुसार पक्की इमारत पाडल्यास चौरस मीटरला सुमारे ५०० किलो राडारोडा निघतो. २०० चौरस मीटरचा बंगला म्हणजे सुमारे १०० टन. २०१६च्या नियमांतल्या महिन्याला ३०० टनांच्या मर्यादेत हा बसतो. जेसीबी लावून तीन दिवसांत पाडला तर दिवसाची २० टनांची मर्यादा ओलांडते आणि आराखडा लागतो. मजूर लावून दोन-तीन आठवड्यांत पाडला तर लागत नाही. घर तेच, राडारोडा तेवढाच, नियम वेगळा. न्हाणीघराची फरशी बदलणे किंवा दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी अर्ध्या विटेची भिंत पाडणे हे तर दोन टनांच्या घरातले काम. तेवढ्यासाठी कोणी आराखडा मागत नाही, आणि टिपरवाला ते घेत नाही.

प्रक्रियेचे तंत्र अवघड नाही. दगडफोडीच्या यंत्रात तुकडे करायचे, चुंबकाने लोखंड काढायचे, धुऊन-चाळून खडी आणि वाळू वेगळी करायची, उरलेल्यातून पेव्हर ब्लॉक करायचे. दिल्लीत बुराडीला २००९मध्ये देशातला पहिला असा प्रकल्प आला. बेंगळुरूच्या उत्तरेस चिक्कजालला खाजगी प्रकल्प आहे. भारतीय मानक ३८३ने २०१६मध्ये पुनर्चक्रित खडीला मान्यता दिली : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णही. सरकारी कामांत अशा मालाचा १० ते २० टक्के वापर व्हावा, असे २०१६च्या नियमांनी सुचवले.

अडते ते माल स्वच्छ नसण्यावर. विटांत जिप्समचे तुकडे मिसळले की सल्फेटमुळे खडीची गुणवत्ता घसरते. तेच जिप्सम ओल्या कचऱ्याबरोबर पुरले तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि ते फोडताना त्याचे तंतू हवेत उडतात. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये ती घालण्यास नकार दिला. घर पाडण्याआधी असा माल शोधून वेगळा काढायची पद्धत छोट्या कामांत दिसत नाही.

चार भूमिका

या प्रश्नावर चार ठळक मते आहेत.

पहिले मत नागरिक-गटांचे. त्यांचा भर घरापासून सुरुवात करण्यावर आहे. कचरा मिसळला की त्याचे काहीच चांगले होत नाही. म्हणून वेगळे करणे, प्रभागातच केंद्र असणे आणि ठरलेल्या दिवशी विशेष संकलन होणे हे महत्त्वाचे. त्यांच्या बाजूने बेंगळुरूचा गेल्या दशकाचा अनुभव उभा आहे. आक्षेप असा की ही पद्धत स्वयंसेवकांच्या उत्साहावर चालते आणि भाड्याच्या घरांत, दुकानांत, बांधकामाच्या जागी तेवढी टिकत नाही.

दुसरे मत धोरणकर्त्यांचे : उत्पादकाने वस्तूच्या शेवटाचाही खर्च उचलावा. बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्स, टायर, प्लॅस्टिक आणि आता मोठी बांधकामे या सगळ्यांना हे तत्त्व लागू होत आहे. यामुळे पुनर्चक्रण उद्योगाला पैसा मिळतो. आक्षेप दोन : पुनर्चक्रणाच्या प्रमाणपत्रांच्या बाजारात कागदी पूर्तता होऊ शकते, आणि उत्पादकाला एकूण टनाचे लक्ष्य गाठायचे असते, मल्लेश्वरमच्या गल्लीतल्या एका ट्यूबलाइटपर्यंत पोहोचायचे नसते. रंग, औषधे, गाद्या तर अजून या चौकटीबाहेर आहेत.

तिसरे मत कचरावेचकांच्या संघटनांचे. गुजरी, फेरीवाले आणि वेचक हीच आजची खरी संकलन-व्यवस्था आहे. तिला ओळख, प्रशिक्षण, जागा आणि मोबदला द्या. बेंगळुरूत ‘हसिरु दळ’ने सुकी संकलन केंद्रे वेचकांच्या हाती चालवून दाखवली. तिच्या संस्थापकांपैकी नलिनी शेखर यांचे आधीचे काम पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतले. ही चळवळ म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा सामाईक वारसा आहे. विरोधी मुद्दा असा की पारा, शिसे, ॲस्बेस्टॉस यांची हाताळणी सोयी-साधनांशिवाय वेचकांवर सोपवणे म्हणजे धोका त्यांच्याच अंगावर ढकलणे. संघटनाही हा धोका मान्य करतात, आणि म्हणूनच मोबदल्याबरोबर संरक्षण मागतात.

चौथे मत प्रशासनाचे : मोठे प्रकल्प, शुल्क आणि दंड. बेंगळुरूजवळच्या बिडदीचा ११.५ मेगावॉटचा कचऱ्यापासून वीज प्रकल्प, एप्रिल २०२५पासून मालमत्ता कराबरोबर येणारे, निवासी घरांना क्षेत्रफळानुसार दरमहा १० ते ४०० रुपयांचे शुल्क, कचरा टाकणाऱ्यांवर कारवाई हे सगळे याच दिशेचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२२मध्ये कर्नाटकावर २,९०० कोटींची आणि महाराष्ट्रावर १२,००० कोटींची पर्यावरण भरपाई लावली, तेव्हा शासनांवर या बाजूने दबाव वाढला. शंका अशी की जाळायला माल हवा म्हणून वेगळे करण्याचा आग्रह ढिला पडेल, आणि राडारोड्याला शुल्क वाढवले की तो रात्री नाल्यात जाईल.

इतरत्र काय झाले

मुंबईचा अनुभव सर्वांत कठोर. १९२७पासून चालू असलेल्या देवनार डेपोला २०१६च्या सुरुवातीला आग लागली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राडारोड्याची योग्य विल्हेवाट लावण्याच्या अटीवर सहा महिन्यांसाठी ही बंदी शिथिल केली. बांधकामाचा परवाना आणि राडारोड्याचा पत्ता एकमेकांना बांधता येतात, हे तिथून सिद्ध झाले. फोनवर राडारोडा उचलण्याची सेवाही मुंबईने छोट्या कामांसाठी सुरू केली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९०पासून टप्प्याटप्प्याने बंदीची यादी वाढवली : आधी शिसे-आम्ल बॅटऱ्या आणि पालापाचोळा, मग घरगुती यंत्रे, २००६मध्ये वीट, काँक्रीट, धातू आणि लाकूड, २०११मध्ये जिप्समचे तक्ते, २०२२मध्ये गाद्या आणि कापड. तिथली तपासणी घराच्या दारात होत नाही; ती कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राच्या फाटकावर होते. गाडीत बंदी असलेला माल सापडला की जबाबदारी आणणाऱ्याची. जर्मनीने १ जून २००५पासून प्रक्रिया न केलेला नागरी कचरा पुरणेच थांबवले; पण त्याआधी बारा वर्षांची तयारीची मुदत दिली होती.

पैशाच्या बाबतीत जपानचे उदाहरण वेगळे आहे. तिथे २००१पासून लागू असलेल्या कायद्यानुसार टीव्ही, फ्रिज, वातानुकूलक आणि वॉशिंग मशीन टाकताना ग्राहक शुल्क भरतो. स्वित्झर्लंडमध्ये ते खरेदी करतानाच घेतले जाते. टाकताना शुल्क घेतले तर चोरून टाकण्याचा मोह वाढतो. घेताना घेतले तर शेवटी वस्तू परत देणे फुकट होते. जिथे जुन्या यंत्राचे उलट पैसेच मिळतात त्या भारतात यातले काय चालेल, यावर एकमत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न छोट्या प्रमाणाचा. दोन टन विटा किंवा चार ट्यूबलाइट यांचा वाहतूक-खर्च कोण देणार? घरमालक, ठेकेदार, पालिका की उत्पादक? सध्या तो ठेकेदाराच्या एकूण दरात मिसळलेला असतो, आणि स्वस्तात काम घेणाऱ्याला जवळचा नाला परवडतो.

दुसरा जबाबदार कोण हा. नियमांत ‘कचरा निर्माण करणारा’ म्हटले आहे. भाडेकरूने केलेल्या दुरुस्तीत तो कोण? ट्रॅक्टरवाल्याने वाटेत माल टाकला तर दंड कोणाला? माल दिल्याची पावती शेवटपर्यंत जाण्याची व्यवस्था छोट्या कामांत नाही.

तिसरा बाजाराचा. कर्नाटकात दगड फोडून केलेली एम-सँड सर्रास मिळते. पुनर्चक्रित वाळू तिच्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची असल्याशिवाय खाजगी बांधकामे ती घेणार नाहीत. सरकारी खरेदीचा टक्का सुचवला आहे, पण तो किती ठिकाणी पाळला जातो याचा जाहीर हिशेब नाही.

चौथा विषारी छोट्या वस्तूंचा. दर २० चौरस किलोमीटरला एक जमा-केंद्र हा निकष नकाशावर पुरेसा वाटतो. मल्लेश्वरमच्या वयोवृद्ध रहिवाशाला तिथे एक थर्मामीटर घेऊन जावे असे वाटेल का, हे वेगळे. फिरते केंद्र, औषधाच्या दुकानातली पेटी, विजेच्या दुकानात जुना दिवा परत घेणे, असे पर्याय सुचवले जातात. एका वस्तीत सलग काही वर्षे चालवून त्यांची तुलना व्हायला हवी.

पाचवा प्रशासनाच्या घडीचा. २०२१मध्ये कचऱ्यासाठी स्वतंत्र कंपनी झाली. २ सप्टेंबर २०२५ला बृहत बेंगळुरू महानगरपालिका जाऊन ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. मल्लेश्वरम पश्चिमेच्या महापालिकेत आहे. घर पाडण्याची परवानगी एका यंत्रणेकडे आणि राडारोडा दुसरीकडे, अशी विभागणी झाली तर मुंबईसारखी सांगड घालणे अवघड होईल. उलट लहान महापालिकेला आपल्या हद्दीत जवळचे केंद्र उभारणे सोपेही जाऊ शकते.

सध्या कुठे आहोत

काही मुद्द्यांवर वाद उरलेला नाही. मिश्र कचरा पुरणे चालणार नाही, हे गावांनी, न्यायालयांनी आणि नियमांनी स्पष्ट केले आहे. राडारोड्याचे तंत्र आणि मानक दोन्ही उपलब्ध आहेत. चारही भूमिकांतले लोक आता एकमेकांच्या पद्धतीची गरज मान्य करतात. भांडण प्राधान्यक्रमाचे आहे.

उरलेली दरी मात्र एकाच जागी आहे. ज्या वस्तूला भाव आहे तिची वाट बाजार आपोआप पाडतो, तिथे फक्त ती वाट सुरक्षित करायची असते. ज्या मोठ्या प्रकल्पाला परवाना लागतो त्याच्यावर कायद्याचा हात पोहोचतो. ज्या वस्तूला भाव नाही आणि जिचा मालक परवान्याच्या मर्यादेखाली आहे, तिची वाट कोणीतरी पैसे घालून बांधावी लागते, आणि ते कोणीतरी कोण हे ठरलेले नाही. मल्लेश्वरममधला बंगला आणि त्यातली ट्यूबलाइट दोन्ही याच दरीत आहेत.

पुढच्या काही वर्षांत परिस्थिती बदलली की नाही हे पाहायला तीन खुणा पुरेशा आहेत. घर पाडण्याचा किंवा दुरुस्तीचा परवाना देताना राडारोडा कुठे दिला याची पावती मागितली जाते का. विजेच्या आणि औषधाच्या दुकानात जुनी वस्तू परत घेणे नियमित झाले आहे का. आणि प्रभागातल्या संकलन केंद्राला भाव नसलेल्या मालासाठीही टनामागे ठरलेला मोबदला मिळतो का. या तिन्ही गोष्टींसाठी नवा शोध लागत नाही. प्रत्येकीचा कुठे ना कुठे प्रयोग झालेला आहे. त्या एका वस्तीत एकत्र येऊन टिकल्या, तर बंदीचा नियम पहिल्यांदाच छोट्या घरमालकाच्याही हातात वापरण्याजोगा होईल.